हिरव्या काचेतली केळी

दादा,

तुमचे रंगीत ग्लास आता फॅशनमध्ये आले आहेत. हे ऐकून तुम्हाला आनंद होईल, आणि म्हणूनच सांगायचं जिवावर येतं. इथं नांदेडला आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी मागच्या महिन्यात भिशी ठेवली होती. गेले, तर डायनिंग टेबलावर तीळ ठेवायला जागा नाही. मधोमध कापडाची पट्टी, तिच्यावर वाळकं गवत खोचलेल्या बाटल्या, भरदुपारी पेटवलेल्या मेणबत्त्या आणि प्रत्येकीच्या पुढ्यात लांब दांडीचा एकेक रंगीत ग्लास. ‘व्हिंटेज आहेत हो,’ बाई म्हणाल्या. कुठून तरी ऑनलाइन मागवलेला कोरा माल, मुद्दाम जुना दिसेल असा बनवलेला. सगळ्या जणींनी आधी फोटो काढले, मग रील काढलं, मग रीलमध्ये एकीचा कोपर आला म्हणून पुन्हा काढलं. तोवर कचोऱ्या गार झाल्या. मी समोरचा अंजिरी ग्लास उजेडात धरून बघितला. काठ जाड, रंग पातळ. माझ्या तोंडावर काय आलं असेल कोण जाणे, पण त्या बाईंनी विचारलं, ‘आवडला नाही का?’ मी म्हटलं, ‘आमच्या घरी असले होते. खरे.’ आणि लगेच स्वतःचाच राग आला. तुमच्या त्या काचसामानाचा मोठेपणा मी सांगावा, ही वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

कारण मला ते ग्लास लहानपणापासून डोळ्यांसमोर नकोत. देगलूरला आपण कचेरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो, तेव्हा तुम्ही सरकारी कामाला हैदराबादला गेलात आणि जुन्या बाजारातून पेटारा घेऊन आलात. कुठल्या तरी मोडलेल्या हवेलीतलं सामान. भुशात गुंडाळलेले ग्लास आणि वाट्या: अंजिरी, मोरपंखी, गुलाबी, मधाच्या रंगाचे, आणि एक मोठा हिरवा वाडगा. काठाला झिजलेली सोनेरी रेघ. घरात आपण जर्मनच्या चेपलेल्या ताटल्यांत जेवत होतो, मायच्या दोन्ही साड्या विटल्या होत्या, आणि तुम्ही भुशात हात घालून एकेक ग्लास असा बाहेर काढत होता की जणू पेटाऱ्यात कुणाचं बाळ निजलंय. मायनं बघितलं आणि एवढंच विचारलं, ‘आवं, ह्याच्यात प्यायचं कुनी?’

कोणी प्यायचं ते तुमचं आधीच ठरलं होतं. गावात मोठे अधिकारी आले की डाकबंगल्यावर त्यांची सरबराई बघायचं काम तुमच्याकडं असायचं. तिथल्या म्हाताऱ्या खानसाम्याला टेबल मांडताना बघून तुम्ही सगळं उचललं होतं. सुरीच्या टोकापाशी ग्लास, डाव्या हाताला घडी घातलेला रुमाल, ताटाताटांत एक वीत अंतर. ‘ग्लास को उंगली नै लगाना, डंडी पकडो,’ असं तो म्हणायचा आणि तुम्ही घरी येऊन त्याच्याच आवाजात आम्हाला म्हणायचा. आम्हाला म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण आम्हाला दांडीलाही हात लावायची मुभा नव्हती. तो माणूस साहेब लोकांसाठी टेबल मांडून झालं की मागच्या खोलीत जाऊन स्वतःच्या चिनीमातीच्या बशीत सुखानं जेवायचा. तेवढं मात्र तुम्ही त्याच्याकडून उचललं नाही.

वैशाखी पौर्णिमेला आपल्या घरी खीर व्हायची. त्या वर्षी तुम्ही तुमच्या साहेबांना आणि त्यांच्या बाईंना खिरीला बोलावलंत. मांडववाल्याकडून टेबल आणलंत, मायनं भरतकाम केलेली पांढरी चादर त्याच्यावर अंथरलीत आणि टेबल सरकवत सरकवत पश्चिमेच्या खिडकीखाली नेलंत. का, ते संध्याकाळी कळलं. ऊन कललं आणि त्या काचांतून आरपार गेलं. चादरीवर अंजिरी, निळ्या, गुलाबी चकत्या पडल्या, लांब लांब होत गेल्या. खोलीच्या पोपडे आलेल्या भिंतीवरसुद्धा एक हिरवा डाग थरथरत होता. तुम्ही दारात उभे राहून बघत होता. पाहुणे बरोबर त्या वेळेला यावेत म्हणून तुम्ही त्यांना साडेपाचची वेळ दिली होती. ते टेबल सुंदर दिसत होतं, हे मी नाकारत नाही. पण सुंदर दिसण्यापलीकडं त्याचं पुढं काय झालं, ते तुम्हालाही माहीत आहे.

साहेब आले. बाई आल्या. वैशाखातलं देगलूर, अंगातून घामाच्या धारा, साहेबांचे ओठ सुकून पांढरे पडलेले. तुम्ही माठातलं वाळा घातलेलं पाणी मोरपंखी ग्लासात ओतलंत. साहेब त्या ग्लासाकडं बघून म्हणाले, ‘वा, काय थाट केलाय तुम्ही.’ बाई म्हणाल्या, ‘आज पौर्णिमा ना, आमचा दोघांचाही कडक उपवास.’ पाणीसुद्धा न चालणारा असला उपवास मी आजवर दुसऱ्या कुणाच्या घरी ऐकलेला नाही. बरं, त्यांच्या पिशवीत फिरकीचा तांब्या होता. निघताना अंगणातल्या लिंबाखाली उभं राहून दोघांनी त्यातलं पाणी घटाघटा प्यायलेलं मी खिडकीतून बघितलं. तुम्हीही बघितलंत. तुम्ही माझ्या मागंच उभे होता. मी तुमच्याकडं वळून बघितलं, तर तुम्ही रुमालाच्या घडीत काय चुकलं ते तपासत होता.

आम्ही भावंडं सैपाकघरात दबा धरून बसलेलो असायचो. पाहुणे गेले की माय त्या रंगीत वाट्यांमधली खीर परत पातेल्यात ओतायची आणि मग आम्हाला आमच्या ताटल्यांत वाढायची. तोवर तिच्यावर साय धरून ती चिकट झालेली असायची. कोणी तोंडसुद्धा न लावलेल्या वाट्या आणि ग्लास तुम्ही तिला गरम पाण्यानं धुवायला लावायचा. माय एकदा भडकली. ‘उष्टं झालं न्हाई त धुवायचं काय?’ तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘धूळ बसती.’ मग तुम्ही स्वतःच धोतराच्या जुन्या फडक्यानं एकेक ग्लास पुसत बसलात. मला तुमचा इतका राग आला होता की त्या रात्री मी जेवले नाही. त्याची तुम्हाला खबरही नव्हती.

मला वाटलं होतं, एकदा तोंड पोळलं, आता हा खेळ संपला. पण पुढच्या वर्षी तुम्ही म्हणालात, पौर्णिमेलाच बोलावलं ही आपली चूक झाली, त्यांचा उपवास असतोच. म्हणून तुम्ही रविवार धरलात. त्या रविवारी नेमकी संकष्टी निघाली. साहेब हसत हसत म्हणाले, ‘तुमच्या घरची खीर आमच्या नशिबातच नाही.’ तुम्हीही हसलात. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही कॅलेंडर मांडीवर घेऊन बसलात, बोटानं एकेक तिथी तपासलीत आणि असा कोरडा दिवस शोधलात की त्या दिवशी कोणत्याच देवाचं काही नव्हतं. मग साहेबांचं पोट बिघडलं. बाईंना काच नाजूक वाटली, हातातून निसटली तर तुमचं नुकसान व्हायचं, म्हणून त्यांनी हातही लावला नाही. वर साहेबांनी एक मोरपंखी ग्लास लांबूनच न्याहाळला आणि म्हणाले, ‘अहो, हे दारूचे ग्लास. ह्यात पाणी कसलं देता?’ पंचशील घेतलेला माझा बाप, आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला, खाली मान घालून हसला. ते हसू आठवलं की आजही माझ्या अंगाची आग होते.

साहेब यायचे कशाला, हाही प्रश्न मी तुम्हाला पुढं कॉलेजात असताना विचारला होता. तुम्ही म्हणालात, ‘मान देऊन राहिले ते. घरी येतात, हे थोडं हाय का?’ मान कसला, दादा. कचेरीत चार लोकांपुढं ‘मी त्याच्या घरी जाऊन आलो’ असं सांगता यावं, म्हणून यायचे. सुधारक म्हणवून घ्यायला वर्षाकाठी एक संध्याकाळ पुरत होती, आणि तीही तुमच्या खर्चानं, तुमच्या खुर्चीवर बसून. मायला शाळेचं तोंड माहीत नव्हतं, पण तिला हे पहिल्या दिवशी कळलं होतं. ‘बसायला ढुंगण हाय, खायला तोंड न्हाई त्यायला,’ असं तिनं चुलीपुढं बसून म्हटलं होतं, तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तरी इथवर मी तुम्हाला भोळे समजत होते. भोळ्या माणसाची कीव करता येते. पण त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही बाजारातून केळी आणलीत.

तो दिवस मला अगदी लख्ख आठवतो. मी पाचवीत होते. तुम्ही ओट्यावर केळ्यांचा घड ठेवला, एकेक केळं सुटं केलंत आणि खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून बघायला लागलात. काही बाजूला टाकलीत. ती चांगली पिकलेली होती, फक्त कुठं देठाशी साल जराशी उकललेली. मी विचारलं, ‘दादा, ही का नको?’ तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, ‘सालीला चीर नको बाई. चीर असली की ते हात लावणार न्हाईत.’ मग निवडलेली केळी तुम्ही हिरव्या वाडग्यात रचलीत, त्यांची टोकं एका अंगाला येतील अशी. खिरीच्या वाट्या मांडल्याच नाहीत. ग्लास मांडलेत, पण रिकामे, पालथे. आणि माय सैपाकघराच्या दारात येऊन ते सगळं बघून गेली ती दिवसभर तुमच्याशी बोलली नाही.

म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं. उपवास, संकष्टी, पोट, नाजूक काच, सगळं. सालीच्या आतलं चालतं, कारण त्याला आपला हात लागलेला नसतो, हे तुम्ही ओळखलं होतं आणि त्याचीच सोय करून ठेवली होती. त्या संध्याकाळी साहेबांनी दोन केळी खाल्ली. बाईंनी एक खाल्लं. साली त्याच वाडग्यात टाकल्या. खिडकीतून ऊन आलं, पालथ्या ग्लासांतून चादरीवर रंग सांडले, साहेब म्हणाले, ‘आज खरी मजा आली,’ आणि तुमचा चेहरा असा उजळला, दादा, की तो मला बघवेना. माणसं स्वतःचा अपमान गिळतात, ते मला समजतं. नोकरी असते, पोरंबाळं असतात. पण अपमानासाठी पांढरी चादर अंथरून, त्याच्या डाव्या हाताला रुमालाची घडी ठेवून, तो कुठल्या फळातून बरा पचेल हे बाजारात जाऊन निवडणारा माणूस मी तुमच्याशिवाय दुसरा बघितला नाही. त्या दिवसापासून मी केळं खाल्लेलं नाही. विचारलं तर सांगते, घशाला बसतं.

तुम्ही गेलात, मग माय गेली, आणि तो पेटारा माझ्या वाट्याला आला, कारण दुसऱ्या कुणालाच तो नको होता. तीस वर्षं शाळेत शिकवलं, संसार केला, हे गेल्यावर दोघींचं घर एकटीनं ओढलं, पण तो पेटारा मी उघडला नाही. लेकीला मात्र गोष्ट सांगत आले. ती अभ्यासाला कंटाळली, कुणापुढं पडतं घ्यायला लागली, की मी म्हणायची, ‘आजोबांसारखी केळी निवडू नकोस.’ आमच्या घरात ते बोलणंच होऊन बसलं. तुमची नात तुम्हाला ओळखते ती एवढ्यानंच.

आता ती पुण्याला नोकरी करते आणि तिनं स्वतःच लग्न ठरवलं आहे. मुलगा लातूरकडचा, शेतीवाडी असलेल्या मराठा घरातला. तो दोन वेळा घरी येऊन गेला, पोट फुटेस्तोवर जेवून गेला, त्याचं काही नाही. पण त्याचे आईवडील पहिल्यांदाच येणार होते, आणि मी मनाशी धरून बसले होते की माझ्या टेबलावर ह्यांनी तोंड उघडलं नाही, तर पोरगी त्या घरात जाऊ द्यायची नाही. लेकीला तसं तोंडावर सांगितलंही. ती म्हणाली, ‘मम्मी, तू काय परीक्षा घेऊन राहिलीस का?’ मी म्हटलं, ‘हो.’ तिनं वाद घातला नाही. उलट माळ्यावरून तुमचा पेटारा खाली काढला आणि म्हणाली, ‘मग आजोबांच्याच ग्लासात घे.’

मी तुमच्यासारखी भोळी नव्हते, किंवा भोळेपणाचं सोंग आणणारी नव्हते. मी आधीच कॅलेंडर बघून घेतलं. एकादशी नाही, संकष्टी नाही, प्रदोष नाही, सोमवार-गुरुवार-शनिवार नाही. उपवासाला जागाच ठेवली नाही. खीर केली, तीही वाटीभर जास्तच गोड. नात तुमच्यावर गेलेली निघाली, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. पांढरी चादर, ताटाताटांत वीतभर अंतर, ग्लास धरायचा तर दांडीला. कुठं शिकलीस म्हटलं, तर म्हणे मोबाइलवर. मोबाइलवर शिकलेली अक्कल आणि डाकबंगल्यावर शिकलेली अक्कल सारखीच निघाली. तिनं टेबल खिडकीशी ओढायला घेतलं तेव्हा मी म्हटलं, ‘राहू दे आहे तिथं.’ तिनं ऐकलं नाही.

पाहुणे पाचच्या सुमाराला आले. गृहस्थ पांढरा सदरा घातलेले, बोलायला कमी, बसता बसता सोफ्याची किंमत डोळ्यांनी काढणारे. बाई ऐसपैस, घामानं डवरलेल्या, हातात स्टीलची मोठी बाटली. ती बाटली त्यांनी बरोबर माझ्या अंजिरी ग्लासाशेजारी ठेवली. मला फिरकीचा तांब्या आठवला. काय गंमत आहे बघा, तुमच्या काळात तांब्या पिशवीत लपवावा तरी लागायचा. आता ज्याच्या त्याच्या हातात स्वतःची बाटली असते आणि त्याला कोणी काही म्हणू शकत नाही. उपवास धरायची गरज उरली नाही. डाएट असतं, शुगर असते, डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलेलं असतं. शिकलेल्या लोकांनी तिरस्कारालासुद्धा औषधाची चिठ्ठी करून घेतली आहे.

मी खीर वाढली. गृहस्थांनी गुलाबी वाटी हातात घेतली. बाई वाटीकडं बघून म्हणाल्या, ‘मला नको ओ ताई. शुगर हाय मला.’ झालं. मी लेकीकडं बघितलं. ती खाली बघत होती. ओठांवर बोलणं तयार होतं माझ्या, चाळीस-पन्नास वर्षं धार लावलेलं. पण मी ते बोलले नाही. मी उठले आणि सैपाकघरात गेले, आणि दादा, माझ्या हातांनी काय केलं ते आता ऐका. ओट्याच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवलेली केळी मी काढली, तुमच्या हिरव्या वाडग्यात रचली, टोकं एका अंगाला करून, आणि नेऊन त्या बाईंच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, ‘मग केळं घ्या. अर्धापूरची आहेत. नांदेडला आल्यावर ही खाल्लीच पाहिजेत.’

लेकीनं आधी वाडग्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटतं, त्या वेळी तिनं काही बोललेलं मला बरं वाटलं असतं.

बाईंनी वाडगा हातानं लांब सारला. ‘केळं त अजाबात न्हाई ओ. साखरेचं पोतंच की ते. त्यापरीस तुमची खीरच घेते चमचाभर, कवापासून वास येऊन राहिला.’ आणि त्यांनी घेतली. चमचाभर म्हणून वाटी अर्धी केली. नवऱ्यानं डोळे वटारले, तर म्हणाल्या, ‘गोळी हाय पर्समधी.’ गोळी काढली, बाटलीचं झाकण उघडून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. ‘कढ आलाय पान्याला ह्या उन्हानं.’ मग त्यांनी अंजिरी ग्लास उचलला, दांडीला नाही, चांगला मुठीत धरून, आणि एका दमात रिकामा करून माझ्यापुढं धरला. ‘अजून घाला. हे एवढुसं भांडं, ह्याच्यात घोटबी बसत न्हाई. आमी लातूरचे, आमाला पान्याला न्हाई म्हनायची सवय न्हाई.’ गृहस्थ पहिल्यांदाच हसले. खिडकीतून ऊन आलं होतं. बाईंच्या साडीवर मोरपंखी चकती पडली होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. टेबलाकडं, चादरीकडं, रुमालाच्या घडीकडं त्यांनी बघितलंच नाही. त्यांनी तो रुमाल उलगडून मान पुसली.

खरं सांगते, मला आनंद व्हायला हवा होता. पण मी तिथं बावळटासारखी उभी होते. इतक्या वर्षांचा तिरस्कार पातेलंभर रांधून ठेवला होता आणि वाढायला पाहुणाच मिळाला नाही. ती बाई मला काही फार आवडली, असंही नाही. मोठ्यानं बोलते, मध्येच बोलते, माझ्या लेकीला ‘सैपाक येतो का’ म्हणून दोनदा विचारलं. उद्या तिच्या घरात माझ्या पोरीच्या वाट्याला काय येईल, हे एका ग्लासावरून मी सांगू शकत नाही. भावकी जमली की हीच बाई कुणाच्या शेजारी बसेल, तेही मला माहीत नाही. पण परीक्षा मी लावली होती आणि ती त्यात पास झाली. नापास कोण झालं, ते टेबलाच्या मधोमध हिरव्या वाडग्यात पडलं होतं.

पाहुणे गेल्यावर लेक उष्टे ग्लास गोळा करायला लागली. अंजिरी ग्लासाच्या काठावर खिरीचा पांढरा ठसा होता, त्या सोनेरी रेघेवरच. तेवढा ग्लास मी तिला नेऊ दिला नाही. मायला तो दाखवायला हवा होता. लेक केळ्यांकडं बघून म्हणाली, ‘मम्मी, तू तर केळी खात नाहीस. मग आणली कधी?’ मी म्हटलं, ‘सकाळी.’ ‘कुणासाठी?’ ‘पाहुण्यांसाठी. घरात फळ नको का?’ ती म्हणाली, ‘फळ म्हणून आंबे होते की घरात.’ आणि आत निघून गेली. आंबे होते, दादा. टोपलीभर होते. पण आंबा कापून द्यावा लागतो.

त्या दिवसापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला माफ केलं, असलं काही ह्यात नाही. साहेबांपुढं हसलेलं तुमचं ते हसू मला आजही सहन होत नाही, आणि मायच्या वाट्याला आलेली ती दिवसभराची मुकी चीडही मी विसरलेली नाही. सकाळी भाजी घ्यायला बाहेर पडले तेव्हा केळी घ्यायची असं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. गाड्यापाशी पाय कधी थांबले, ते कळलं नाही, एवढं मी शपथेवर सांगू शकते. पुढचं शपथेवर सांगता येत नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, ते एका परीनं बरंच आहे. तुम्ही हे सगळं वाचून, माझी एवढी बोलणी खाऊन, चष्मा पुसून शेवटी एकच गोष्ट विचारली असती, आणि ती विचारताना तुमच्या चेहऱ्यावर जे आलं असतं ते मला बघायचं नाही. तरी सांगून टाकते. मी एकेक केळं सुटं करून, उजेडात फिरवून घेतलं. गाडेवाला वैतागला, म्हणाला, ‘बाई, समदी एकाच घडाची हाईत.’ मी तरी बघत राहिले. एकाच्याही सालीला चीर नव्हती.